फोनवर वाजवलेला रुपया

इंदापूर,
मंगळवार, ३ ऑगस्ट १९९९

प्रिय बुद्धघोष,

तुझं पाकीट काल पोचलं. एवढं जाड रजिस्टर पाकीट बघून पोस्टमन म्हणाला, "सर, कोर्टाचं दिसतंय, जपून फोडा." फोडलं तर आत अकरा छापील कागद आणि तुझं दीड पानी पत्र. पंचवीस वर्षांत तुझी तीन पत्रं आली. एक बँकेत लागलास तेव्हा, एक लग्नाचं आणि हे तिसरं. त्यातलं हे सगळ्यात लांब, आणि तेही चांदीच्या रुपयांच्या लिलावाबद्दल! चांदीच्या भावानं का होईना, गुरूची किंमत वाढली म्हणायची.

तू विचारतोस, "सर, इंटरनेटवरच्या या लिलावाच्या पानावर तुमचं नाव आहे. 'नाणी तपासणार: र. वि. पोतदार, निवृत्त इतिहास शिक्षक.' लिलाव भरवशाचा आहे का, एका ओळीत लिहा. हो किंवा नाही." अरे, इतिहासाच्या मास्तरला एका ओळीत उत्तर कधी आलंय का? परीक्षेत तूच सात-सात पुरवण्या लावायचास.

तर ऐक. हा लिलाव आमच्या जावयांचा, मिहिररावांचा. आमची स्वरदा त्यांना दिली आहे. बारामतीला भिगवण रस्त्यावर त्यांचा कॉम्प्युटर क्लास आहे, तिथूनच हे चालतं. माल मुंबईच्या पार्टीचा, यांचं नुसतं पान. लोक पानावर बोली लावतात, मुदत संपली की ज्याची बोली मोठी त्यानं ड्राफ्ट पाठवायचा, मग पार्सल जातं. मला कळलं तेवढं सांगितलं.

राहिली पारख. राणीछाप रुपया वजनाला बरोबर एक तोळा भरतो. कडेचे दाते सारखे असतात. पण हे सगळं हातात धरून बघायचं, फोटोवर जायचं नाही. फोटोवरून मुलगी पसंत करणारे आणि फोटोवरून रुपया पसंत करणारे, दोघंही मागाहून मास्तरांकडे सल्ल्याला येतात. रुपया वाजवून घ्यावा. माझे आजोबा इथल्या मामलेदार कचेरीच्या खजिन्यात पोतदार होते. शेतसाऱ्याचा रुपया न् रुपया ते दगडावर आपटून ऐकायचे आणि मगच पेटीत टाकायचे. वाजवलेला रुपया मध्ये कुठं खाली ठेवायचा नाही, हातातून थेट पेटीत, हा त्यांचा नियम. मध्ये ठेवला की बदलला, म्हणायचे. त्यांचा कान माझ्याकडे आलाय असं लोक म्हणतात.

मिहिररावांनी वाजवून घ्यायचीही सोय केली आहे. रविवारी अकरा ते एक मी क्लासमध्ये फोनपाशी बसतो. समोर शहाबादी फरशीचा तुकडा. सोलापूरहून, कराडहून, पार बेळगावहून फोन येतात. मी रुपया फरशीवर टाकतो, पलीकडचा ऐकतो. आपल्या भागातल्या माणसाला दुसरा पुरावा लागत नाही. तूही कर फोन.

तू पाठवलेले अकरा फोटो भिंगाखाली बघायचे होते, पण भिंग सापडत नाही. सापडलं की बघतो.

आजींसाठी घेतो आहेस, हा विचार चांगला आहे. त्यांच्या आईनं लग्नात दिलेले अकरा राणीछाप रुपये त्र्याहत्तर साली बावड्याच्या पेढीवर खोटे निघाले आणि ते अजून त्यांच्या मनातून जात नाही, असं तू लिहितोस. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी खरे अकरा त्यांच्या हातावर ठेवावेत, असं तुला वाटतं. त्या वेळचं मला फारसं आठवत नाही. मी तिथं होतो म्हणतोस, तर असेन.

सुधाचे तुला आणि सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा,
पोतदार सर


इंदापूर,
बुधवार, ११ ऑगस्ट १९९९

प्रिय बुद्धघोष,

रविवारी तुझा आवाज ऐकला आणि क्षणभर दहावी 'ब' समोर बसल्यासारखं वाटलं. नागपूरला राहूनही तुझा शेळगावचा हेल गेलेला नाही, जाऊ देऊ नकोस. मी रुपया टाकला तेव्हा तू केवढ्यांदा ओरडलास, "सर, काय खणखणीत वाजला! आता शंकाच नको." मी "हं" म्हणालो.

पण घाई करू नकोस. मुदत एकोणतीस तारखेपर्यंत आहे. पुण्याला रविवार पेठेत दोन-तीन जुने सराफ आहेत, रजा काढून ये, स्वतः हातात घेऊन बघ. अकराच्या ऐवजी पाच मिळाले तरी आजी काही मोजायला बसणार नाहीत. नाहीतर थेट चांदीचा एखादा दागिनाच कर. रुपयेच हवेत असं थोडंच आहे?

हे वाचून तुला वाटेल, म्हातारा स्वतःच्याच जावयाचं गिऱ्हाईक तोडतोय. तसं नाही. मिहिरराव कष्टाळू आहेत. स्वरदाची गोष्ट तुला माहीत नसेल. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यात दोनदा ती बॅग घेऊन इंदापूरला परत आली. क्लास चालत नव्हता आणि चालत नसलेल्या धंद्याचा राग माणूस बायकोवर काढतो. दुसऱ्यांदा आली तेव्हा पाच महिने राहिली. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "स्वरदा, अजून आहेस?" ती पोरगी गच्चीवर कपडे वाळत घालायलाही जाईना. गेल्या दिवाळीपासून हा लिलाव सुरू झाला आणि घर मार्गी लागलं. परवा आम्हाला दोघांना ती मोरगावला घेऊन गेली, स्वतःहून. वाटेत एसटीत गाणं गुणगुणत होती. सुधानं मला कोपरानं ढोसलं, ऐका म्हणून. मी ऐकत होतोच.

म्हणजे मी काय म्हणतो, तू बघून घे.

तुझा,
पोतदार सर

ता. क. फोन ठेवताना तू विचारलंस, "सर, हा वाजवलात तो माझ्या अकरातलाच ना?" लाइन फार खरखरत होती. मला नीट ऐकू आलं नाही.


इंदापूर,
गुरुवार, १९ ऑगस्ट १९९९

बुद्धघोष,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. म्हणून मोकळेपणानं लिहितो.

लाइन खरखरत नव्हती. मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तू विचारलंस त्याचं उत्तर 'नाही' असं आहे.

सुरुवातीला दोन रविवार मुंबईहून आलेले रुपये खरोखर माझ्यासमोर होते. तीसेक असतील. मी एकेक वाजवला, चांगले होते. मग मिहिरराव म्हणाले, "बाबा, माल आता थेट मुंबईहूनच जाणार, इथं आणायचा खर्च कशाला? तुमच्या आजोबांचा तो रुपया आहे ना, तो सॅम्पल म्हणून आणा. लोकांना खरा रुपया कसा वाजतो ते कळलं म्हणजे झालं." मला ते पटलं. म्हणजे, पटवून घेतलं. सॅम्पल हा शब्द मोठा सोयीचा. गेले नऊ महिने मी दर रविवारी सकाळच्या एसटीनं बारामतीला जातो, खिशात आजोबांचा १८६२ सालचा एकच रुपया असतो, तोच प्रत्येकाला वाजवून दाखवतो आणि परत खिशात घालून आणतो. तो विक्रीला नाही. कुणाच्या पार्सलात तो कधीच गेलेला नाही. तू जो ऐकलास तोही तोच.

भिंग हरवलं नव्हतं. टेबलाच्या खणात होतं. सोमवारी काढलं आणि तुझे अकरा कागद ओळीनं मांडले. राणीच्या हनुवटीखाली एक बारीक आडवी चीर आहे, पहिल्या कागदावर, दुसऱ्या, तिसऱ्या, अकराही कागदांवर त्याच जागी. ती चीर मी लहानपणापासून ओळखतो. आजोबांच्या हातून एकदा तो रुपया कचेरीच्या पायरीवर पडला होता. मिहिररावांनी एकाच रुपयाचा फोटो अकरा वेळा लावला आहे, माझ्याच रुपयाचा. खाली सालं तेवढी वेगवेगळी टाकली आहेत.

तरीही मी म्हटलं, फोटोचं काय, माल चांगला असेल. परवा क्लासवर गेलो तर मिहिरराव बँकेत गेलेले. मुंबईचं पार्सल आलं होतं. मी फोडलं. दुसऱ्याचं पार्सल फोडायची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. आत चाळीस रुपये, नवरीसारखे चकचकीत. पहिला फरशीवर टाकला. बद्द. दुसरा, बद्द. चाळीसही टाकले. वर राणीला 'एम्प्रेस' म्हटलेलं आणि मागं साल १८६५. अरे, रुपयावर राणीला ते बिरुद १८७७ पासून लागलं, हे मी तुम्हाला फळ्यावर लिहून दिलं होतं. खोटं करणाऱ्यानं इतिहाससुद्धा धड वाचलेला नाही.

मिहिरराव आले. मी म्हणालो, "हे काय आहे?" ते खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि शांतपणे म्हणाले, "बाबा, कपाटात ठेवायलाच घेतात लोक. कोण वितळवून बघतंय? कुणाची तक्रार आली का आजवर? तुमच्या नावावर विश्वास आहे त्यांचा." मग पेला खाली ठेवून, "स्वरदाला यातलं काही माहीत नाही. तिला कळायचं कारणही नाही, नाही का?" यात धमकी होती का? मला अजून ठरवता येत नाही. आवाज अगदी आदराचा होता.

घरी येऊन सुधाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तोंड उघडाल तर तिसऱ्यांदा बॅग घेऊन येईल पोरगी. या वेळेला तिला परत घेऊन जायला कुणी येणार नाही." मी म्हणालो, "आणि ती माणसं? तो बुद्धघोष?" तर म्हणाली, "तो बँकेत साहेब आहे. त्याला सोसेल. हिला नाही सोसणार."

आता मी काय करू? तुला 'हो' लिहिलं तर तू खोटे अकरा रुपये आजींच्या हातावर ठेवणार, माझ्या शब्दावर. 'नाही' लिहिलं तर तू बँकेतला माणूस, गप्प बसणार नाहीस, बसूही नयेस. आपलेच दात आणि आपलेच ओठ. रात्रंदिवस हेच दळण चाललंय. तरी रविवार आला की सकाळी उठून मी एसटी धरतो आणि फोनपाशी जाऊन बसतो. कुणी बांधून ठेवलेलं नाही मला. दार उघडं आहे, रस्ता उघडा आहे, आणि मला उठता येत नाही.

हे मी टाकणार नाही.


इंदापूर,
गुरुवार, २६ ऑगस्ट १९९९

बुद्धघोष,

काल तुझ्या बँकेत फोन केला तो मीच. "बोली मागे घे" एवढं बोललो. तू म्हणालास, "का पण, सर? कारण सांगा. आजीला शब्द दिलाय मी, पुढच्या आठवड्यात रजा टाकलीये." एसटीडी बूथच्या काचेबाहेर चार माणसं उभी होती, त्यातली दोन माझे विद्यार्थी. मी फोन ठेवून दिला. पळालो म्हण.

सोबत एकोणीस तारखेचं पत्र जोडलं आहे. ते आधी वाच. स्पीड पोस्टानं टाकतो, म्हणजे शनिवारपर्यंत तुला मिळेल.

आता वाचलं असशील. तुला वाटेल, उशिरा का होईना, सरांनी खरं सांगितलं. मोठ्या मनानं मला प्रामाणिक म्हणून टाकशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. ते मला सोसणार नाही. म्हणून उरलेलंही सांगतो.

त्र्याहत्तरचं मला सगळं आठवतं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं, मे महिना. बावड्याची ती पेढी माझ्या सासऱ्यांची, सुधाच्या वडिलांची. तुला हे माहीत नव्हतं, कारण मी कधी सांगितलं नाही. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती आणि सासऱ्यांनी शब्द टाकल्यामुळेच मला इंदापूरच्या हायस्कूलात कायम केलं होतं. मी सुट्टीत तिकडे गेलो होतो. तू आणि आजी शेळगावहून आलात. तुझा बोर्डाचा फॉर्म आणि बारामतीच्या वसतिगृहाचे पैसे भरायचे होते. सासऱ्यांनी आजींना पायरीखालीच उभं केलं. तू बाहेर लिंबाखाली थांबलास, म्हणून तुला आतलं दिसलं नाही. आजींनी पदराची गाठ सोडून रुपये उंबऱ्यावर ठेवले. म्हणाल्या, "छप्पन साली धम्म घेतला तवा देवाचं टाक सुदीक नदीत सोडलं. पर हे माज्या आयचं. कालव्यावर दोन उन्हाळं पाटी वाहिली तिनं ह्याच्यापायी. हे तेवढं जपून ठेवलं हुतं." मग मला ओळखून हसल्या. "मास्तर हायती न्हवं, मग झालं. तुमीच वाजवून सांगा."

सासरे म्हणाले, "बघा जावईबापू."

मी अकराही वाजवले. असा आवाज मी फार थोड्या वेळा ऐकलाय. एकही खोटा नव्हता. शेवटचा वाजवून खाली ठेवतोय तोवर सासरे म्हणाले, "बद्द हायत. गिलटाचं. काय, जावईबापू?"

मी "हं" म्हणालो.

बुद्धघोष, बाकी काही नाही, एवढंच. त्यांनी माझा गळा धरला नव्हता. नुसतं माझ्याकडे बघितलं. आत सुधा कडेवर स्वरदाला घेऊन उभी होती. मी म्हटलं असतं, "नाही अण्णा, खरे आहेत," तर काय झालं असतं? चार दिवस बोलले नसते, नोकरीवरून टोमणे मारले असते. एवढंच ना? तेवढ्यासाठी मी "हं" म्हणालो. आजींनी अकरा रुपये गिलटाच्या भावानं दिले. जाताना मला म्हणाल्या, "मास्तर, बरं झालं तुमी हुता. न्हायतर मला वाटलं असतं, शेटनं फसवलं."

सव्वीस वर्षं मी हे कुणाला सांगितलेलं नाही, सुधालाही नाही. तेव्हा सासरे होते, आता जावई आहेत. मध्ये मी चाळीस-चाळीस पोरांना सत्याचे प्रयोग शिकवले.

बोली मागे घे. माझ्या शब्दावर काहीही घेऊ नकोस. रविवारी मी शेवटचा बारामतीला जाणार आहे.

रघुनाथ पोतदार


इंदापूर,
शुक्रवार, ३ सप्टेंबर १९९९

बुद्धघोष,

तुझं कार्ड बुधवारी मिळालं. तीन ओळी. "बोली मागे घेतली. आजीला मी सांगणार नाही. तुम्ही सांगा." मायना नाही, सही नाही. बरोबर केलंस.

आधी रविवारचं. अकरा वाजता फोनपाशी बसलो. पहिला फोन सांगलीहून, एका निवृत्त कंडक्टरचा. "वाजवा सर," म्हणाले. मी म्हणालो, "वाजवतो, पण हा रुपया माझ्या आजोबांचा आहे. तो तुम्हाला मिळणार नाही. जे मिळतील ते खोटे आहेत." मग ते म्हणाले, "मग तुमी तिथं काय करता?" तीन फोन मी असे घेतले. चौथ्याला मिहिररावांनी भिंतीतून वायरच उपटली. ओरडले नाहीत. क्लासमधली पोरं खिडकीतून बघत होती. म्हणाले, "बाबा, माझं काय, मी दुसरा धंदा बघेन. तुम्ही स्वतःच्या मुलीचं घर मोडलंत." आणि बाहेर निघून गेले.

सोमवारी दुपारी स्वरदा आली, बॅग घेऊन. सुधा म्हणाली होती तसंच. पाच दिवस झाले, माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. सकाळी चहा आणून ठेवते, कपाचा कान माझ्या हाताकडे वळवून, आणि जाते. सुधाही बोलत नाही. मंगळवारी मी अंघोळीहून आलो तर टेबलावर क्लासमधल्या कॉम्प्युटरचे चार छापील कागद होते. आजवर ज्यांनी ज्यांनी घेतलं त्यांची नावं आणि पत्ते, एकसष्ट माणसं. बारामतीहून निघताना तिनंच काढून आणले असणार. मी तिच्याकडे बघितलं, ती केरसुणी घेऊन आत गेली. आता मी रोज दहा कार्डं लिहितो. काय होईल ते होईल. पोलीस आले तर मी बसलोय घरातच.

काल शेळगावला गेलो.

फाट्यावर उतरून चालत गेलो. वस्ती ओळखू आली नाही, सगळी पक्की घरं झाली आहेत. तुझ्या काकूनं ओळखलं. आजी पडवीत बाजेवर बसून शेंगा फोडत होत्या. डोळ्यांना कमी दिसतं, पण कान शाबूत आहेत. "कोन?" म्हणाल्या. मी नाव सांगितल्यावर सुपलं बाजूला सारून त्यांनी पदर सारखा केला. मास्तर आले म्हणून.

मी बाजेवर बसलो नाही, खाली बसलो. वाटेत एसटीत सगळं वाक्य जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काहीच तोंडातून येईना. शेवटी म्हणालो, "आजी, त्र्याहत्तर सालचे तुमचे रुपये खरे होते. अकराही. मला तेव्हाच कळलं होतं. सासऱ्यांच्या भिडेनं मी खोटं बोललो."

त्यांनी हातातली शेंग फोडली. दाणे काढले. टरफल ठेवलं.

"मास्तर, तवा तुमाला ऐकू आलं हुतं?"

"हो."

"समद्या अकरांचं?"

"अकराच्या अकरांचं."

मला वाटलं, शिव्या देतील. मी त्यासाठीच गेलो होतो, खोटं कशाला सांगू? चार शिव्या मिळाल्या असत्या तर हलका होऊन परत आलो असतो. त्यांनी तोंड रस्त्याकडे वळवलं. तुझी काकू दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

मग बोलायला लागल्या, पण माझ्याशी नव्हे. "म्हंजी कालव्यावरच्या मुकादमानं न्हाय फसवलं माज्या आयला. म्या त्याच दिशी जाऊन आयला सांगितलं. रागात सांगितलं. म्हनलं, आये, दोन उन्हाळं पाटी वाहिलीस न् मुकादमानं तुला खोटं रुपयं दिलं, न् तेच तू मला लग्नात दिलंस. ती काय सुदीक बोलली न्हाय. तवापास्नं कालव्याचं नाव निघालं की उठून जायाची. पंच्याहत्तरला गेली. जाताना माजा हात धरून म्हनली, लक्षे, म्या तुला खोटं दिलं गं, मला ठावं न्हवतं."

मला हे माहीत नव्हतं, बुद्धघोष. मी सव्वीस वर्षं जे उगाळत बसलो त्यात आजी होत्या, तू होतास, मी तर होतोच. आजींची ती म्हातारी आई त्यात कुठंच नव्हती. मी तिला कधी पाहिलंही नाही, तिचं नावही मला माहीत नाही.

मी "माफ करा" म्हणालो. दोनदा म्हणालो. आजींनी मान हलवली, ती मला की माशी हाकलायला, कळलं नाही.

मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. आवाजात राग नव्हता. एखादा पत्ता विचारावा तसं त्यांनी विचारलं.

"तुमी आलासा ते बरं केलंसा, मास्तर. पर आता हे म्या कुनाला सांगू?"

रघुनाथ पोतदार